जवाचा चौथा दिवस

रियाध, जेद्दा, दम्माम, कुठल्याही मोठ्या सुपरमार्केटात शीतपेयांच्या रांगेत माल्टच्या बाटल्यांना स्वतःची फळी असते. बार्बिकन, मूसी, होल्स्टन, बव्हारिया. बाटलीचा गळा बिअरचा, झाकण बिअरचं, ओतल्यावर येणारा फेसही बिअरचा. चवी मात्र डाळिंबाच्या, सफरचंदाच्या, स्ट्रॉबेरीच्या. आणि कोपऱ्यात एखादी 'क्लासिक', जिच्या लेबलावर पाणी, जवाचं माल्ट आणि हॉप्स एवढंच लिहिलेलं असतं. अल्कोहोलच्या रकान्यात ०.०.

बिअरला लागणाऱ्या चार वस्तूंपैकी तीन या लेबलावरच आहेत. चौथी, म्हणजे यीस्ट, त्याच दुकानात मैद्याशेजारी पाकिटात मिळते. जवाचं म्हणाल तर सौदी अरेबिया अनेक वर्षं जगातल्या सर्वांत मोठ्या जव आयातदारांपैकी एक आहे. लाखो टन जव जहाजांतून उतरतात आणि मेंढ्या-उंटांच्या गव्हाणीत जातात. यांतल्या एकाही वस्तूवर बंदी नाही. त्या एकत्र करून घरात आठ-दहा दिवस झाकून ठेवल्या, तर मात्र तुरुंग आणि त्यानंतर परतीचं विमान.

जिथे कायद्याची मनाई नाही तिथे हौशी माणूस घरच्या घरी, थेट धान्यापासून पहिली बिअर कशी करतो ते आधी पाहू. म्हणजे सौदीत नेमकं काय अडतं ते कळेल.

सुरुवात माल्टपासून. जव भिजवून, मोड आणून, मोड वाढायच्या आत मंद उष्णतेवर वाळवले की माल्ट तयार होतं. मोड फुटताना दाण्यात एन्झाइम्स तयार होतात, ते पिठूळ भागाची साखर करण्यासाठी. रोपट्याला मिळायची ती शिदोरी बिअर करणारा मधल्या मध्ये पळवतो. वीस लिटर बिअरला साधारण साडेचार ते पाच किलो माल्ट लागतं. ते भरड दळायचं. पीठ झालं तर गाळताना चिखल होतो, आणि सालं अखंड राहिली तर गाळणं सोपं जातं.

भांडी साधी चालतात. तीसेक लिटरचं पातेलं, जाळीदार कापडाची मोठी पिशवी, तापमापक, झाकणाची प्लॅस्टिकची बादली आणि हवा बाहेर सोडणारी पण आत न घेणारी पाण्याची छोटी नळी. पूर्वी या कामाला तीन-तीन भांडी आणि त्यांना नळ-चाळण्या लागत. २००० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या हौशी मंडळींनी सगळं धान्य एकाच पिशवीत घालून एकाच पातेल्यात भिजवायची पद्धत रुजवली, आणि फ्लॅटमधल्या ओट्यावरही हे काम शक्य झालं.

खरी कसोटी पुढचा तासभर असते. पाणी आणि धान्य मिळून ६५ ते ६७ अंश सेल्सिअसवर राहायला हवं. साठ-पासष्टच्या आसपास काम करणारं एक एन्झाइम यीस्टला सहज पचणारी साखर बनवतं. सत्तरच्या जवळ दुसऱ्याचा जोर वाढतो आणि यीस्टला न पचणारा, जिभेला दाट लागणारा भाग उरतो. दोन-तीन अंश इकडेतिकडे झाले की बिअर पातळ आणि कोरडी, नाहीतर जड आणि गोडसर. पंच्याहत्तरच्या पुढे एन्झाइम्स निकामी होतात आणि हाती पेज उरते. म्हणून पातेल्याला गोधडी गुंडाळतात आणि तासाने आयोडीनचा थेंब टाकून पाहतात. निळा-काळा रंग आला तर पिठूळपणा अजून शिल्लक आहे.

मग पिशवी उचलून निथळायची. खाली उरतो तो वर्ट, गोड आणि धान्याच्या वासाचा. तो तासभर खळखळून उकळायचा. सुरुवातीला टाकलेले हॉप्स, म्हणजे एका वेलीची फुलं, कडूपणा देतात, शेवटी टाकलेले सुगंध. उकळी बंद झाली की स्वच्छतेचं राज्य सुरू. वर्ट बर्फाच्या पाण्यात पातेलं ठेवून झटपट वीस अंशांच्या आसपास आणायचा, धुवून निर्जंतुक केलेल्या बादलीत ओतायचा, यीस्ट टाकायचं. एल जातीच्या यीस्टला १८ ते २२ अंश मानवतात. एक-दोन आठवड्यांत बुडबुडे थांबतात. मग लिटरमागे पाच-सात ग्रॅम साखर घालून बाटल्या बंद करायच्या आणि फेस तयार व्हायला आणखी दोन आठवडे द्यायचे. साखर जास्त पडली, किंवा आंबणं पूर्ण होण्याआधी बाटली भरली, तर काच फुटते.

हे सगळं सौदीत आणून पाहा. पहिली अडचण धान्याची. गव्हाणीसाठी आलेले जव मोड न आलेले. त्यांत पीठ भरपूर, पण ते साखरेत बदलणारी यंत्रणा जवळजवळ नाही. मोड आणायचे तर दोन दिवस भिजवण, चार-पाच दिवस पंधरा-अठरा अंशांवर ओलसर पसरवण आणि मग मंद आचेवर वाळवण. रियाधच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणीच हात भाजेल इतकं तापलेलं असतं. अनेक घरांत गीझर बंद करून त्यात साठलेलं पाणी 'गार' म्हणून वापरतात. अशा पाण्याने उकळता वर्ट वीस अंशांवर आणायचा कसा? आणि बादली एसीच्या खोलीबाहेर राहिली तर तीस अंशांपुढे यीस्ट बेफाम होतं, डोकं धरायला लावणारी जड अल्कोहोलं बनवतं.

पाणी ही एकच गोष्ट तशी सोयीची. पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा समुद्राचं पाणी गोडं करून येतो, आणि त्यात सौदी जगात आघाडीवर आहे. असं पाणी मुळात क्षारहीन. त्यात नंतर मोजून क्षार मिसळतात. चेकमधल्या प्लझेन गावाची फिकट लागर तिथल्या मऊ पाण्यामुळे घडली, इंग्लंडच्या बर्टनची कडवट पेल एल जिप्समने भरलेल्या विहिरींमुळे. मऊ पाण्यावर हवी ती बिअर रचता येते. पण हॉप्स बाजारात नाहीत, आणि उकळत्या वर्टचा वास शेजारच्या तीन घरांत जातो.

म्हणून सौदीत राहणाऱ्या परदेशी माणसांनी धान्याची वाट सोडून आडवाट धरली. धान्य भिजवणं, गाळणं, उकळणं, हॉप्स घालणं हे सगळं कारखान्याने आधीच करून ठेवलेलं होतं. त्या ०.० च्या बाटल्या बादलीत रिकाम्या करायच्या, वरून साखर घालायची, बेकरीचं यीस्ट टाकायचं आणि वाट पाहायची. पावाचं यीस्ट तळाशी नीट बसत नाही, म्हणून पेय गढूळ राहतं आणि त्याला कच्च्या कणकेचा वास येतो. पण अल्कोहोल तयार होतं. वाइनसाठी द्राक्षाच्या रसाचे खोके. ट्रॉलीत द्राक्षरस, साखर आणि यीस्ट एकदम दिसलं की काउंटरवरचा मुलगा काय ते ओळखतो, हा परदेशी वसाहतींमधला जुना विनोद.

ही आडवाट कधी सुरू झाली याला तारखा आहेत. नोव्हेंबर १९५१ मध्ये जेद्दातल्या एका पार्टीत राजे अब्दुल अझीझ यांचा तरुण मुलगा, राजपुत्र मिशारी, झिंगला होता. त्याला आणखी दारू नाकारली गेली आणि त्याच्या गोळीने ब्रिटिश उपवाणिज्यदूत सिरिल ऊस्मन यांचा जीव गेला. राजपुत्राला कैद झाली, विधवेला भरपाई देण्यात आली. १९५२ मध्ये राजांनी देशात दारू आणण्यावर मुस्लिमेतरांसाठीही बंदी घातली. तोवर धहरानच्या अमेरिकन वसाहतीत बाटली उघडपणे मिळत असे.

धहरान म्हणजे अरामको. १९३३ ला करार, १९३८ ला दम्मामच्या सात नंबर विहिरीला तेल, आणि पुढे वाळवंटात उभं राहिलेलं कॅलिफोर्नियाच्या वळणाचं गाव. हिरवळ, बेसबॉलचं मैदान, एकसारखी बैठी घरं. महायुद्धाच्या अखेरीला कंपनीने मुंबईतून कारकून आणि कारागीर भरती केले. कोकणातून आखातात जाणाऱ्यांची जी रांग पुढे लागली, तिच्या अगदी सुरुवातीची ही माणसं. त्यांच्या वाट्याला साध्या छावण्या आल्या. अमेरिकनांच्या बैठ्या घरांतून १९५२ नंतर भट्ट्या पेटू लागल्या. साखर, पाणी आणि यीस्टचं आंबवण दोनदा-तीनदा ऊर्ध्वपातित करून निघणाऱ्या त्या पारदर्शक मद्याला सगळे 'सिद्दीकी' म्हणत, लाडाने 'सिद'. ओकच्या ढलप्यांत मुरवलं की तेच 'ब्राउन'. धहरानमध्ये हातोहात फिरणारी एक पुस्तिकाच होती, 'द ब्लू फ्लेम' नावाची: भट्टी कशी बांधायची, कुठला भाग फेकायचा, कुठला ठेवायचा. इंजिनियरांचं गाव असल्याने हे सगळं आराखड्यासह. तरी भट्टी पेटून घरं जळाल्याच्याही कहाण्या आहेत.

गंमत अशी की या अमेरिकनांना घरी बिअर करायची मुभा त्यांच्या मायदेशातही नव्हती. १९३३ ला अमेरिकेतली दारूबंदी उठली तेव्हा घरगुती वाइनला सूट मिळाली, बिअर राहून गेली. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये कायद्यावर सही केली आणि १९७९ च्या फेब्रुवारीपासून घरची बिअर केंद्रीय कायद्यातून मोकळी झाली. ब्रिटनमध्ये हेच १९६३ ला झालं होतं. तोवर घरी बिअर गाळायला परवाना लागे. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव चढले, सौदीत रस्ते आणि इस्पितळं उभारायला ब्रिटिश इंजिनियर आणि परिचारिका आल्या, तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांना बादली आणि नळी घरातूनच ओळखीची होती.

तरीही बिअर मागे पडली आणि सिद जिंकली. दारूबंदी जिथे जिथे आली तिथे हेच झालं. वीस लिटर बिअर लपवायला कपाट लागतं. तेवढंच अल्कोहोल दोन-अडीच लिटर कडक मद्यात मावतं. पकडले जाण्याची जोखीम सारखीच असेल तर माणूस कमी जागेत जास्त नशा मावेल तेच बनवतो आणि विकतो. रिचर्ड कोवन या अमेरिकन लेखकाने १९८६ मध्ये याला बंदीचा पोलादी नियम म्हटलं. मुंबईकराला हे शिकवायला नको. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि मोरारजी देसाईंच्या कारकिर्दीत बंदी कडक झाली, तेव्हा घरोघरी बिअर आंबली नाही. काळा गूळ आणि नवसागर घातलेली हातभट्टी पेटली. गल्लोगल्ली 'आंटीचे' अड्डे उघडले आणि सायकलच्या ट्यूबमधून माल फिरला. तोच कायदा, अनेक दुरुस्त्यांसह, आजही महाराष्ट्रात लागू आहे. पुण्यात २००९ साली डूलाली ही छोटी ब्रूअरी सुरू झाली ती परवान्याच्या आधारावर. विनापरवाना घरात बिअर गाळणं इथेही गुन्हाच आहे.

कडक मद्याबरोबर येणारा धोका बिअरमध्ये नसतो. जवाच्या आंबवणीत मिथेनॉल नगण्य बनतं. माणसं मरतात ती बहुधा औद्योगिक मिथेनॉल मिसळल्याने, आणि ते ओळखायची सोपी घरगुती युक्ती नाही. निळ्या ज्योतीवर विश्वास ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की मिथेनॉलही निळसरच जळतं. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये कुवेतमध्ये, जिथे सौदीसारखीच बंदी आहे, विषारी दारूची १६० जणांना बाधा झाली आणि २३ मृत्यू नोंदले गेले. बाधितांत बहुतेक आशियाई मजूर होते. वसाहतीतला इंजिनियर सिद स्वतः गाळतो किंवा ओळखीच्याकडून घेतो. लेबर कॅम्पात राहणारा माणूस प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटलीत जे येईल ते पितो.

शिक्षेचंही तसंच. २००० च्या नोव्हेंबरात रियाधमध्ये गाडीतल्या स्फोटात एक ब्रिटिश इंजिनियर मेला. सरकारने हे दारू विकणाऱ्या परदेशी टोळ्यांमधलं भांडण असल्याचं सांगितलं आणि काही पाश्चात्त्य माणसांना टीव्हीवर कबुलीजबाब द्यायला लावले. छळ करून ते मिळवल्याचं त्यांनी नंतर सांगितलं. २००३ च्या ऑगस्टमध्ये ते सुटले. २०१४ मध्ये सत्तरी ओलांडलेला एक ब्रिटिश गृहस्थ जेद्दात गाडीतल्या घरगुती वाइनसह पकडला गेला. फटक्यांची शिक्षा होणार म्हणून लंडनमध्ये गहजब झाला आणि पुढच्या वर्षी तो घरी परतला. २०२० च्या एप्रिलमध्ये सौदी सर्वोच्च न्यायालयाने अशा गुन्ह्यांतले फटके बंद करून दंड आणि कैद ठेवली. ज्याच्यासाठी कुठल्याही संसदेत प्रश्न विचारला जात नाही, त्या कामगाराचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द होतो आणि नोकरी जाते. घेतलेलं कर्ज मात्र गावाकडे तसंच राहतं.

आंबलेल्या धान्याशी अरबस्तानाचा संबंध फक्त बंदीचा आहे, असं समजायचं कारण नाही. येमेनमध्ये जवाचं 'मिझ्र' आणि मधाचं 'बित्अ' अशी पेयं होत, त्यांचं काय करायचं, असं अबू मूसा अल-अशअरी यांनी पैगंबरांना विचारल्याची हदीस आहे. उत्तर होतं: नशा आणणारं प्रत्येक पेय निषिद्ध. आणि तरी खजूर किंवा मनुका पाण्यात भिजवून केलेलं 'नबीझ' स्वतः पैगंबरांसाठी तयार होई. एका हदीसमध्ये त्याची मुदत दिली आहे: पहिला दिवस, दुसरा, तिसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत. त्यानंतर उरलं तर ते ओतून टाकायचं. भोपळ्याच्या, डांबर लावलेल्या किंवा खोडात कोरलेल्या भांड्यांत ते भिजवायला आधी मनाई होती. अशी भांडी नीट धुता येत नाहीत. आदल्या वेळचं यीस्ट छिद्रांत बसलेलं असतं आणि आंबणं लवकर सुरू होतं, असं त्याचं आजच्या भाषेतलं स्पष्टीकरण देता येतं. कूफाच्या हनफी पंडितांनी एके काळी नबीझबाबत बरीच ढील दिली होती. सौदीत चालणाऱ्या हनबली पंथाने आणि कोकणी मुसलमानांच्या शाफई पंथानेही दिली नाही: जे खूप प्यायल्याने चढतं, त्याचा थेंबही नको.

म्हणजे या कायद्याची रेघ घटकांवर मारलेली नाही, ती दिवसांवर आहे. आणि या रेघेच्या अलीकडच्या बाजूला राहून जवाचं पेय आजही हिजाझमध्ये बनतं. रमझान आला की मक्का, मदिना आणि जेद्दाच्या रस्त्यांवर दुपार उलटल्यावर 'सोबिया'चे ठेले लागतात. जव किंवा जवाचा वाळलेला पाव पाण्यात भिजवतात, वेलची, दालचिनी आणि साखर घालून मुरू देतात, मग गाळून, भरपूर बर्फ टाकून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरतात. पांढरी मूळची, लाल आणि चिंचेची तपकिरीही मिळते. अनेक घराण्यांचा हा पिढीजात धंदा, आणि प्रत्येकाची मुरवायची वेळ हे त्याचं गुपित. सोबिया जिभेला किंचित चुरचुरते, कारण आंबण्याची सुरुवात झालेलीच असते. म्हणून दोन-तीन दिवसांत संपवा, फ्रिजमध्ये ठेवा, असं दरवर्षी बजावलं जातं. नाचणीची किंवा ज्वारीची आंबील रात्रभर ठेवणाऱ्या मराठी घराला हे तंत्र नवं नाही. आंबीलही दुसऱ्या सकाळीच संपवायची असते.

कारखान्यातली ०.० याच रेघेशी उलट्या बाजूने खेळते. काही कंपन्या वर्ट आंबूच देत नाहीत किंवा आंबणं सुरू होताच थंड करून थांबवतात. म्हणून तिथे ब्रेडसारखा गोड वास राहतो. काही जण पूर्ण बिअर करून मग अल्कोहोल काढतात. हवेचा दाब कमी केला की अल्कोहोल चाळीसएक अंशांतच उडतं आणि चव शिजून जात नाही. नाहीतर सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून ते वेगळं करतात. बार्बिकन मुळात ब्रिटनमधल्या बास कंपनीची, गाडी चालवणाऱ्यांसाठी काढलेली बिनअल्कोहोल बिअर. ती तिथल्यापेक्षा आखातातच रुजली, आणि पुढे हा ब्रँड सौदीतल्या औजान उद्योगसमूहाकडे आला. डाळिंब आणि स्ट्रॉबेरीचे स्वाद आले तसं तिचं गिऱ्हाईकही बदललं. बिअरची आठवण काढणारा परदेशी माणूस मागे पडला. आज सौदी तरुण ती कबाबबरोबर पितो आणि तिला बिअर मानतही नाही.

गेल्या काही वर्षांत रेघ थोडी हलली आहे, पण ठरावीक लोकांसाठी. २०१६ मध्ये धर्मपोलिसांचे अटकेचे अधिकार काढले गेले. जानेवारी २०२४ मध्ये रियाधच्या राजनैतिक वसाहतीत देशातलं पहिलं दारूचं दुकान उघडलं, फक्त मुस्लिमेतर राजनैतिक अधिकाऱ्यांसाठी. मोबाइल अॅपवर नोंदणी, आत फोन बंद पिशवीत, आणि महिन्याला माणशी २४० गुण. एक लिटर कडक मद्याला सहा गुण, वाइनला तीन, बिअरला एक. सगळे गुण बिअरवर खर्च केले तर महिन्याला २४० लिटर होतात, म्हणजे घरगुती वीस लिटरच्या बारा बादल्या. इतकी बिअर एकट्याने पिणं जवळजवळ अशक्यच. गुणांची रचना दूतावासांच्या मेजवान्या डोळ्यांपुढे ठेवून केलेली दिसते. राजनैतिक सामानातून येणारी आणि बाहेर झिरपणारी दारू मोजदादीत आणणं हा उघड हेतू होता. सौदीत पंचवीस लाखांच्या आसपास भारतीय आहेत. त्यांतल्या दूतावासाबाहेरच्या कुणासाठीही तेव्हा ते दार उघडलं नाही.

२०३४ चा फुटबॉल विश्वचषक सौदीत होणार हे डिसेंबर २०२४ मध्ये ठरलं, आणि पहिला प्रश्न बिअरचाच निघाला. दोनच महिन्यांनी लंडनमधले सौदी राजदूत, राजपुत्र खालिद बिन बंदर, यांनी एका मुलाखतीत स्पष्ट सांगितलं: स्टेडियममध्ये नाही आणि हॉटेलातही नाही. दारूशिवायही भरपूर मजा करता येते, असं त्यांचं म्हणणं. शिवाय प्यायचीच असेल तर देश सोडल्यावर प्या. कतारने २०२२ मध्ये स्पर्धेच्या दोन दिवस आधी स्टेडियमभोवतीची बिअर बंद केली, तेव्हा तिथे अल्कोहोलविरहित बडवायझर विकली गेली होती. २०३४ मध्ये तो पेला कोण भरणार याची चढाओढ माल्टवाल्या कंपन्यांत रंगेल, कारण गोल झाल्यावर उंचवायला प्रेक्षकाच्या हातात फेसाचं काहीतरी लागेलच.